नंबर १४७ : सिडनीच्या रानातली एक शर्यत आणि न कळवता घरी गेलेला धावपटू

काहीही न झालेल्या एका धावपटूचं हे प्रकरण आहे. तो सुखरूप घरी पोचला होता, गरम पाण्याने आंघोळ करून, वरणभात जेवून झोपला होता. त्याच वेळी सिडनीच्या उत्तरेकडच्या एका दरीत स्वयंसेवक त्याच्या नावाने हाका मारत फिरत होते, पोलिसांना फोन गेला होता आणि पुण्यात त्याचा धाकटा भाऊ मोबाइल हातात घेऊन घरात येरझाऱ्या घालत होता. त्या दिवशी दुसऱ्या चेकपॉइंटवर नंबर टिपायचं काम माझ्याकडे होतं. पुढे मराठी येतं म्हणून फोन करायचं कामही माझ्याकडेच आलं. हे सगळं धावपटूच्या संमतीने लिहिते आहे. त्यांचं नाव, शर्यतीचं नाव आणि नेमकी जागा मुद्दाम गाळली आहे. त्यांच्या छातीवर १४७ हा नंबर होता, इथे त्यांना त्याच नंबराने ओळखू.

सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनमधली आपली पुष्कळ मंडळी आता अशा रानातल्या शर्यतींना जाऊ लागली आहेत. रस्त्यावरच्या मॅरेथॉनमधून येताना ती चांगल्या सवयी घेऊन येतात: वेळेवर उठणं, नेमाने सराव, पाण्याचं भान. त्यांच्याबरोबर एक सवय अशीही येते की जी रस्त्यावर निरुपद्रवी असते आणि रानात लोकांना संकटात टाकते. म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडते.

शर्यत आणि तिची जमीन

ही शर्यत कुठल्या कंपनीची नाही. इथल्या स्वयंसेवी बुशफायर ब्रिगेडसाठी पैसे उभे करायला परिसरातले लोक ती भरवतात. न्यू साउथ वेल्सची रूरल फायर सर्व्हिस अशाच गावोगावच्या, उपनगरांतल्या ब्रिगेडवर उभी आहे आणि त्यांतले बहुतेक सगळे पोटापाण्याचा दुसरा उद्योग सांभाळून आगीवर जातात. २०१९ च्या ऑक्टोबरात वीज पडून लागलेल्या गॉस्पर्स माउंटनच्या आगीत पाच लाख हेक्टरांहून जास्त रान जळालं. ती आग विझेपर्यंत आमच्या ब्रिगेडची माणसं पाळ्या लावून महिनोन्‌महिने जात होती. तीच माणसं शर्यतीच्या दिवशी फाटकावर उभी राहतात, पाणी भरतात, पावात सॉसेज आणि परतलेला कांदा घालून विकतात. कुणी हरवलं तर दरीत उतरणारीही तीच.

शर्यतीची दोन अंतरं असतात, १० आणि २२ किलोमीटर. मिळून दोनशेच्या आसपास लोक धावतात. सुरुवातीच्या रेषेपाशी एक ट्रे असतो, त्यात ब्रश आणि स्पिरिटची बाटली. बुटाच्या तळव्याची माती घासून, तळवा ओला करूनच आत जायचं. फायटॉप्थोरा नावाचा एक मुळं कुजवणारा जीव ओल्या मातीतून बुटाला चिकटून एका रानातून दुसऱ्या रानात जातो. तो एकदा जमिनीत शिरला की काढता येत नाही आणि त्याने बँक्सिया, ग्रासट्री अशी इथली झाडं उभी वाळतात. नवखे लोक हा ट्रे घाईत ओलांडून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. १४७ ने दोन्ही बूट नीट घासले होते. तिथे उभ्या असलेल्या मुलीने पुढे त्यांचं वर्णन सांगितलं ते त्यामुळेच: नारिंगी टोपी, डाव्या गुडघ्याला काळा पट्टा आणि "तो सगळ्यात नीट बूट घासणारा माणूस."

आता जमिनीबद्दल. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथली रचना उलटी वाटते. आपल्याकडे गाव पायथ्याला असतं, गड वर. आधी चढायचं, दम काढायचा, मग उतरायचं. सिडनीच्या उत्तरेला सँडस्टोनचं पठार ओढ्यांनी खोल कापलेलं आहे. रस्ते, घरं, रेल्वे हे सगळं वरच्या धारेवर, आणि रान खाली दरीत. सिडनीहून न्यूकॅसलला जाणारी २५० किलोमीटरची ग्रेट नॉर्थ वॉक ही वाटही या भागात अशीच धारेवरून दरीत आणि दरीतून धारेवर चढत-उतरत जाते. म्हणजे शर्यतीची सुरुवात उताराने होते. पाय ताजे असतात, सकाळची थंडी असते आणि माणूस दगडी पायऱ्यांवरून उड्या मारत खाली जातो. त्या उड्यांची किंमत मांड्यांना मोजावी लागते आणि ती दहा-बारा किलोमीटरनंतर, नेमकी चढ सुरू होतो तेव्हा, वसूल होते. दरीत मोबाइलला रेंज नसते. धारेवर आलं की पुन्हा मिळते.

दुसरी एक गोष्ट: दरीतून वर येणाऱ्या वाटा बऱ्याच असतात. आगीच्या बंबांसाठी काढलेले कच्चे रस्ते, ज्यांना इथे फायर ट्रेल म्हणतात, ते जागोजागी रानातून निघून एखाद्या शांत गल्लीच्या टोकाला, लोखंडी फाटकापाशी संपतात. दमलेल्या माणसाला ते फाटक मोहात पाडतं. हे प्रकरण अशाच एका फायर ट्रेलवर घडलं.

धावपटू

१४७ पंचेचाळिशीच्या आसपासचे, मूळचे पुण्याचे, आयटीत, राहायला पश्चिम सिडनीत. दर शनिवारी न चुकता पार्करनला जाणारे. ही फुकट असलेली, स्वयंसेवकांनी चालवलेली पाच किलोमीटरची धाव ऑस्ट्रेलियात २०११ मध्ये गोल्ड कोस्टला सुरू झाली आणि आपल्या कितीतरी लोकांची इथली पहिली ओळखपाळख तिथेच होते. मुंबई मॅरेथॉन त्यांनी पूर्ण केली होती. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉनही. "घाट चढलोय, चढाची भीती नव्हती," असं ते नंतर म्हणाले. पण यवतेश्वरचा घाट आधी चढून मग वळून उतरायचा असतो, तोही डांबरी रस्त्यावर. पाय कुठे पडतोय ते बघावं लागत नाही.

नोंदणीच्या अर्जात त्यांनी अंदाजे वेळ दोन तास पंचेचाळीस मिनिटं लिहिली होती. त्यांची रस्त्यावरची अर्ध्या मॅरेथॉनची वेळ सव्वादोन तासांची, म्हणून त्यात अर्धा तास वाढवला. इथे नवीन येणारे जवळजवळ सगळे हाच हिशेब करतात. माझ्या मते रानात किलोमीटर मोजूच नयेत, तास मोजावेत: किती तास पायांवर राहायचं आहे, त्यासाठी किती खायचं आहे आणि उजेड किती वाजेपर्यंत आहे. त्यांच्यासारख्या धावपटूला या वाटेला साडेचार तास लागले तरी त्यात कमीपणा काहीच नव्हता.

सामान मात्र चोख होतं. सुरुवातीला बॅगा तपासतात, त्यात सगळं निघालं: एक लिटर पाणी, शिट्टी, चंदेरी आपत्कालीन पांघरूण, जॅकेट, फोन आणि सर्पदंशासाठी रुंद ताणाचं बँडेज. जुलैत साप सहसा बाहेर दिसत नाहीत, तरी बँडेज सक्तीचं असतं. इथल्या सापांच्या विषावरचा प्रथमोपचार म्हणजे दंश धुवायचा नाही, सबंध हात किंवा पाय घट्ट गुंडाळायचा, हलायचं नाही आणि मदत येईपर्यंत तिथेच थांबायचं. हे बँडेज कसं बांधायचं ते त्यांना ठाऊक होतं. यूट्यूबवर पाहून घरी मुलीच्या पायावर सराव केला होता. सांगायचं कारण असं की हा बेफिकीर माणूस नव्हता.

अर्जात एक रकाना असतो, आणीबाणीत कुणाला कळवायचं. तिथे त्यांनी पुण्यातल्या भावाचा नंबर लिहिला होता.

त्या दिवशी

आठ वाजता शर्यत सुटली. त्याआधी पाच मिनिटांच्या सूचना झाल्या. या जमिनीच्या मूळ रहिवाशांना अभिवादन, मग वाटेवरच्या फितींचे रंग, निसरड्या जागा, आणि शेवटी एक वाक्य: शर्यत सोडायची असेल तर जवळच्या स्वयंसेवकाला सांगा, सांगितल्याशिवाय घरी जाऊ नका. हे वाक्य उच्चारलं गेलं, एवढं खरं. पण माइक कुरकुरत होता, मागे मुलांचा गोंधळ होता आणि १४७ अगदी मागच्या रांगेत उभे होते.

माझ्याकडे, म्हणजे अकरा किलोमीटरवरच्या ओढ्यापाशी, त्यांची नोंद १० वाजून १४ मिनिटांनी आहे. मला ते आठवतात, कारण केळ्याचा तुकडा घेताना त्यांनी "थँक यू" म्हटलं आणि मी "सावकाश जा" म्हटल्यावर दचकून हसले. तोंडावर मीठ सुकलं होतं. गुडघ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "ठीक आहे, मांड्या भरून आल्यात फक्त." त्यांच्या मागे तेव्हा अजून अकरा जण होते, आणि त्या अकरांच्याही मागे आमचे दोन स्वीपर. स्वीपर म्हणजे शेवटच्या धावपटूच्या मागून येणारे स्वयंसेवक. त्यांच्या मागे वाटेवर कुणी उरता कामा नये, एवढंच त्यांचं काम.

ओढा ओलांडून दीडेक किलोमीटरवर १४७ ना दोन्ही पायांत गोळे आले. ते एका खडकावर बसले. मागून आलेल्या एका बाईंनी विचारलं, त्यांनी हात हलवून जायला सांगितलं. तिथून थोडं पुढे एक फायर ट्रेल डावीकडे वर जातो. चुकून कुणी तिकडे वळू नये म्हणून त्याच्या तोंडाशी गुलाबी फीत लावलेली होती. १४७ फितीपलीकडे गेले, वीस-पंचवीस मिनिटं चढून गल्लीत पोचले, रेंज आली, बायकोला फोन केला. ती गाडी घेऊन आली. साडेअकराच्या सुमारास ते घरी होते. थंडीने आणि जीपीएसने फोनची बॅटरी उतरली होती, तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला, आवाज बंद. बायको मुलीला घेऊन मराठी शाळेत गेली आणि तिने वर्गात शिरताना आपलाही आवाज बंद केला.

यादी

आमच्या शर्यतीत इलेक्ट्रॉनिक चिप नाही. प्रत्येक चेकपॉइंटवर छापील यादी असते आणि पेन्सिल, कारण दवाने ओल्या झालेल्या कागदावर पेन चालत नाही. नंबर आला की वेळ लिहायची. स्वीपर पुढच्या चेकपॉइंटला पोचले की मागची यादी त्यांच्याबरोबर येते, दोन्ही याद्या शेजारी ठेवतात आणि ताळा करतात. मागून जितके सुटले तितके इथे आले पाहिजेत.

स्वीपर सतरा किलोमीटरवरच्या तिसऱ्या चेकपॉइंटला १२ वाजून ५० मिनिटांनी पोचले. ताळ्यात एक नंबर कमी. लगेच कुणी धावत सुटत नाही. आधी आपलीच चूक शोधायची. थंडीत आखडलेल्या बोटांनी लिहिलेला ७ हा १ सारखा दिसू शकतो. १४१ ला विचारलं, ती शेवटच्या रेषेपाशी सॉसेज खात बसली होती, तिची वेळ तिचीच होती. मग शेवटची यादी पाहिली, न टिपता पुढे निघून गेले असतील म्हणून. नव्हते. लाउडस्पीकरवरून नंबर पुकारला, पार्किंग पाहिलं. बायकोने त्यांना सकाळी गाडीने सोडलं होतं, त्यामुळे त्यांची गाडीच नव्हती, आणि गाडी नाही यातून काहीच कळेना. त्यांच्या फोनची रिंग वाजत राहिली.

१ वाजून ४० मिनिटांनी मी पुण्याला फोन लावला. जुलैत आपल्यात साडेचार तासांचं अंतर असतं, तिथे सकाळचे नऊ वाजून गेले होते. भावाने उचलला.

"दादा पळायला गेलाय एवढंच माहिती आहे, ताई. काय झालं? काय झालं त्याला?"

अशा वेळी काय बोलायचं हे ठरवून ठेवावं लागतं. मी म्हटलं, काही झाल्याचं आम्हाला माहीत नाही, ते कदाचित न सांगता घरी गेले असतील, फक्त खात्री करायची आहे, वहिनींचा नंबर द्या. त्याने दिला. तो लागला नाही. पुढचे दोन तास त्या मुलाने तिकडे कसे काढले असतील, त्याची कल्पना करवत नाही. त्याच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी आणीबाणीच्या रकान्यात त्याचंच नाव होतं.

दोन वाजता दोन-दोनच्या जोड्या दरीत उतरल्या, एक माझ्या ओढ्यापासून पुढे, दुसरी तिसऱ्या चेकपॉइंटकडून मागे. मधला पट्टा सहा किलोमीटरचा. शोधणारे धावत नाहीत. दर थोड्या अंतरावर थांबतात, शिट्टी वाजवतात, ऐकतात. कड्याच्या प्रत्येक वळणावर खाली वाकून बघतात. पुढे काय होऊ शकतं ते सगळ्यांना माहीत होतं. जुलैत सिडनीत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्या बरंच आधी अंधारून येतं. घामाने भिजलेला, पोटात काही नसलेला आणि हालचाल थांबलेला माणूस ओढ्याकाठच्या थंडीत किती लवकर गारठतो, हे आगीपेक्षा थंडीतल्या शोधमोहिमा ज्यांनी जास्त केल्या आहेत त्यांना विचारावं. म्हणून वाट बघण्याची मुदत आम्ही आधीच ठरवलेली असते. दोन्ही जोड्या भेटल्या आणि हाती काही लागलं नाही, की पोलीस. या राज्यात जमिनीवरच्या शोधाची जबाबदारी पोलिसांची असते. त्यांच्या हाताशी मग इतर दलं येतात, त्यांत १९३६ पासून काम करणारी बुश सर्च अँड रेस्क्यूची स्वयंसेवी तुकडीही. ३ वाजून २० मिनिटांनी फोन गेला. उंची, कपडे, आजार, औषधं, शेवटचं कुणी पाहिलं, जवळ काय सामान आहे, असे प्रश्न आले. बूट घासणाऱ्या मुलीचं वर्णन तिथे कामाला आलं.

प्रकरण सुटलं ते मात्र एका चिमट्यामुळे. आमच्या फिती झाडांना बांधत नाहीत. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याने अडकवतात, म्हणजे संध्याकाळी काढताना झाडाला इजा होत नाही आणि चिमटे पुढच्या वर्षी वापरता येतात. परत येताना एक स्वीपर त्या फायर ट्रेलच्या तोंडाशी थांबली. फीत जागच्या जागी, ताणलेली होती. पहिल्या फेरीत सगळेच तिच्यासमोरून गेले होते. पण एका टोकाला चिमटा नव्हता, गाठ होती. व्यवस्थित, दुहेरी गाठ. तिने वॉकी-टॉकीवर सांगितलं, "इथून कुणीतरी बाहेर पडलंय आणि फीत परत बांधून गेलंय." दोन माणसं लगेच वरच्या गल्लीत गेली. तिसऱ्या घरातल्या आजोबांनी सांगितलं, हो, सकाळी छातीवर नंबर लावलेला एक माणूस कट्ट्यावर बसला होता, मग पांढरी गाडी आली.

त्याच सुमारास, चारला पाच मिनिटं कमी असताना, माझा फोन वाजला.

"ताई, तुमचे इतके मिस्ड कॉल... अहो, हे घरीच आहेत. साडेअकरालाच आले. झोपलेत."

मी पोलिसांना कळवलं, पुण्याला कळवलं. दरीतल्या सगळ्यांना वर यायला सांगितलं. वर येताना ओल्या सँडस्टोनच्या पायरीवरून आमची एक स्वीपर घसरली. साठीच्या पुढची बाई, ब्रिगेडमध्ये कित्येक वर्षं. घोटा मुरगळला, काठी आणि पायाला आधाराचा बूट घेऊन पुढचे काही आठवडे तिने काढले. न घडलेल्या अपघाताच्या शोधात हा एक खरा अपघात घडला.

का?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १४७ आणि त्यांची पत्नी ब्रिगेडच्या शेडवर आले. घोटा दुखावलेल्या बाईंची त्यांनी आधी चौकशी केली. तो चिमटा त्यांच्या जॅकेटच्या खिशात निघाला. फीत काढताना हातात आला, परत लावताना बोटं गारठलेली, चिमटा बसेना, म्हणून गाठ मारली. दुसऱ्या कुणाची वाट चुकू नये, ही त्यांची काळजी होती.

मी त्यांना मराठीत विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"ताई, मला वाटलं मी शेवटचा. माझ्यासाठी इतकी माणसं थंडीत ताटकळत बसलीत. मी निघून गेलो तर तेवढीच लवकर मोकळी होतील."

या उत्तरावर मी बराच विचार केला आहे. यात आळस नाही, उद्धटपणा तर नाहीच. ही भीड आहे. भीड भिकेची बहीण, असं आपण म्हणतो. इथे तिने सतरा-अठरा माणसांची दुपार खाल्ली. ते शेवटचे नव्हतेच. ते ज्या खडकावर बसले तिथे आणखी पंचवीसेक मिनिटं थांबले असते, तर स्वीपर त्यांच्यापर्यंत पोचल्या असत्या, गोड काहीतरी खायला दिलं असतं, त्याच फायर ट्रेलने त्यांना वर सोडलं असतं आणि वॉकी-टॉकीवर एक वाक्य बोलल्या असत्या. ज्या माणसांचा वेळ वाचावा म्हणून ते गुपचूप निघाले, ती माणसं त्यांच्यासारख्यांसाठीच तिथे होती.

दुसरं उत्तर पत्नीच्या तोंडून आलं. "मुंबईत मधेच सोडली तर टॅक्सी करून घरी येतात. कोण विचारतं?" अगदी खरं आहे. हजारो लोक धावत असतात, दुतर्फा गर्दी असते, दर काही अंतरावर वैद्यकीय तंबू असतो. तिथे शर्यत सोडणं ही ज्याची त्याची खासगी गोष्ट असते. चिपने पुढची चटई ओलांडली नाही, निकालात नाव आलं नाही, विषय संपला. १४७ नी तेच गृहीत धरलं. रानातल्या यादीत मात्र न आलेला माणूस आणि कड्याखाली पडलेला माणूस यांच्यात काहीच फरक दिसत नाही. दोघांपुढेही रिकामाच चौकोन असतो. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे सांगावं लागू नये. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं कामधंदा सोडून रात्री-अपरात्री दरीत उतरतात, ती कुणीतरी परत आला नाही एवढ्या एका निरोपावर.

आमच्या बाजूचे दोष मी बैठकीत मांडले आणि ते मान्य झाले. फायर ट्रेलच्या तोंडाशी स्वयंसेवक हवा होता. नेमलेलाही होता, पण १० किलोमीटरच्या वाटेवर रडणाऱ्या एका मुलाला सोडायला तो तासभर गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. सूचना ऐकू येत नव्हत्या. पुण्याचा नंबर असलेला अर्ज कुणी डोळ्यांखालून घातला नव्हता. मागून येणाऱ्या बाईंनी खडकावर बसलेला माणूस पाहिला, पण पुढच्या चेकपॉइंटवर सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं असतं तर दुपारी एक वाजता आम्हाला नुसता सहा किलोमीटरचा पट्टा दिसला नसता, एक खडक दिसला असता.

पुढे

बैठकीत दोन जणांचं म्हणणं होतं की १४७ ला एक वर्ष बंदी घालावी. मी विरोध केला. बंदीचा धाक बसला तर पुढच्या वेळी शर्यत सोडणारा माणूस अजूनच गुपचूप सोडील, आणि आम्हाला नेमकं त्याच्या उलट हवं आहे. मत घेतलं, बंदी झाली नाही. घोटा दुखावलेल्या बाईंचंही मत बंदीच्या विरुद्ध पडलं.

जीपीएस ट्रॅकर भाड्याने घ्यावेत, हीही सूचना आली. मोठ्या शर्यतींमध्ये ते असतात आणि लांब अंतरांना ते हवेतच. पण आमच्या दरीत सिग्नल तुटतो आणि त्यांचं भाडं दिलं तर ब्रिगेडच्या हाती उरणारे पैसे निम्म्यावर येतात. माझा कौल जास्त माणसं आणि जास्त पेन्सिलींना होता, अजूनही आहे. आता प्रत्येक फायर ट्रेलच्या तोंडाशी दोघं असतात, म्हणजे एकाला उठून जावं लागलं तरी जागा रिकामी पडत नाही. नंबराच्या मागच्या बाजूला शर्यतीच्या कार्यालयाचा फोन नंबर छापतो. शर्यत सोडणाऱ्याने नंबर काढून स्वयंसेवकाच्या हातात द्यायचा, आणि कुणी भेटलंच नाही तर रेंज येताच त्या फोनवर कळवायचं: नंबर, कुठून बाहेर पडलो, आता कुठे आहे. सूचना आदल्या दिवशी लेखी पाठवतो आणि पहिलीच सूचना ही असते. कुणी बसलेला दिसला तर पुढच्या चेकपॉइंटवर त्याचा नंबर सांगायचा, ही दुसरी.

राहिला आणीबाणीचा रकाना. त्या दिवशी फोन उचलेल आणि गाडी काढून येऊ शकेल, असा ऑस्ट्रेलियातला माणूस लिहा, असं आता तिथे छापलं आहे. यावर लगेच अडचण आली. नव्याने या देशात आलेल्याला असा माणूस कुठून मिळणार? विद्यार्थी असतात, एकटे नोकरीला आलेले असतात. त्यांनी उगाच कुणाचं तरी नाव लिहिण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवावा आणि नोंदणीच्या टेबलावर तसं सांगावं, असं ठरलं. आम्ही यादीत त्यांच्या नंबरापुढे एक फुली मारतो. संध्याकाळी याद्या मिटवण्याआधी त्या फुलीच्या प्रत्येक माणसाशी कुणीतरी समोरासमोर किंवा फोनवर बोलतं. तोवर शेडचं दार बंद होत नाही.